बिनकठड्याची विहीर

माघ लागला की सांभार फुलावर येतो. आमच्या वाशीमकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. जुड्या बांधून विकायचा तो तोवर विकून झालेला असतो आणि धने धरायला राखलेल्या वाफ्यात गुडघ्याएवढ्या झाडांवर बारीक पांढरी फुलं धरतात. लांबून वाटावं, कुणी पीठ चाळलंय. त्या फुलांना एक तिखट, ओला वास असतो. आता माझा मळा राहिलेला नाही, मागच्या अंगणात दोनचार वाफे आहेत तेवढेच. पण तो वास उठला की माझे पाय घरात ठरत नाहीत. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून वाफ्यापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. सून विचारते, "काय पायजे तुमाले?" काहीच नको असतं. मी म्हणते, "काई नाई व, पाय मोकळे करून राह्यली."

पाय मोकळे होत नाहीत. ते त्या हिवाळ्यात जाऊन अडकतात.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, लग्नाचं लुगडं कुठून आणायचं याची घरात रोज चर्चा. माझं लग्न दिवाळीनंतर ठरलं. सतरा सरून अठरावं लागलेली माळ्याची पोर घरात म्हणजे त्या काळात नवलच. बाबांना मळ्यात माझ्याशिवाय दुसरा हात नव्हता, म्हणून वर्ष पुढं ढकलत गेलं. बाबा मोट हाकायचे आणि मी दारं धरायची, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायची. एवढं वय झालेल्या मुलीला पहिल्या लग्नाचा नवरा मिळेना. शेवटी काशीआत्यानं स्थळ आणलं. काशीआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. मुलगा जऊळक्याच्या पलीकडच्या गावचा, कापूस-ज्वारीचं वावर, घरी आई. आणि बिजवर. पहिली बायको तीन वर्षांमागं वारली होती.

साक्षगंधाच्या दिवशी मी त्याचे फक्त हात पाहिले. मान वर करायची नव्हती, त्यामुळे पाटाच्या बाजूला टेकलेले ते हातच दिसले. नखांच्या कडांना कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेलं होतं. त्या हातांवरून मी कितीतरी दिवस एक माणूस उभा करायचा प्रयत्न केला. जमला नाही.

त्याच दिवसापासून माझं बाजारात जाणं बंद झालं. लग्न ठरलेल्या पोरीनं पसारा मांडून बसायचं नाही, असं आत्यानं ठरवलं. आजवर बाजाराच्या दिवशी मी मायसोबत वांग्यांच्या ढिगामागं बसून घसा फोडायची. आता माय एकटी टोपलं घेऊन जायची आणि मी घरी. उन्हात जायचं नाही, काळी पडशील. जड उचलायचं नाही. मोठ्यानं हसायचं नाही. एकीकडे दारं धरायला मात्र मी लागायचीच, कारण पाण्याला माझं लग्न ठरलंय हे माहीत नव्हतं. मी वाफ्यात उभी राहायची आणि मन कुठं तरी भलतीकडं. वाफा भरून बांध फुटायचा, मेथी वाहून जायची, वरून बाबा ओरडायचे, "अव येमू, ध्यान कुठी हाय तुहं?"

मळ्यामागून रेल्वेचा रूळ जायचा. गाडी जऊळक्याकडं निघाली की आत्या हटकून म्हणायची, "याच गाडीनं जाशीन बरं तू." मी धुराकडं पाहत राहायची. धूर रानावर पसरायचा, विरायचा, आणि मला उगीच वाटायचं की मी निघून गेलेय आणि इथं उभी आहे ती दुसरीच कुणी.

पौषात लग्नाचं काही करत नाहीत. तो महिना नुसता थांबण्याचा. सकाळी हरभऱ्याच्या पानांवर आंब धरायची, पदर ओला केला की आंबट लागायचा. दुपारी बोरं. संध्याकाळी तुरीच्या शेंगा उकडायच्या. सगळं नेहमीसारखंच, फक्त प्रत्येक गोष्ट करताना वाटायचं की ही शेवटची. आणि शेवटची म्हणून नीट करावी, तर हातात जीव नाही.

संक्रांत झाली आणि आत्या चांदी घेऊन सोनाराकडे जायला निघाली. मी विचारलं, "काय करून आनतं?"

"टाक."

"कायचा टाक?"

ती पदर सावरत म्हणाली, "सवतीचा. तुह्या गयात बांधा लागते."

आमच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक होते. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेल्या छोट्या छोट्या आकृत्या, सणासुदीला चिंचेनं घासायच्या. पण मेलेल्या बायकोचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा असतो, म्हणजे ती रुसत नाही, हे मी ऐकलं असूनही माझ्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं. आत्या घेऊन आली तेव्हा मी तो हातात घेतला. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा. एक बाई उभी होती. दोन ठिपक्यांचे डोळे, लुगड्याच्या तीन रेघा. कुणाचाही चेहरा असू शकला असता.

"नाव काय होतं तिचं?"

"गेलेल्या मानसाचं नाव कायले घेतं?"

"गयात बांधाचं हाय मले. नाव नको माहीत?"

आत्यानं टाक माझ्या हातातून काढून घेतला आणि डब्यात ठेवला. मायला विचारलं तर माय म्हणाली, मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नव्हतं. ती कशानं गेली हे विचारलं तर आत्या म्हणाली तापानं. माय म्हणाली, बाळंतपणात असं ऐकलं होतं बाई. आणि शेजारच्या मळ्यातली सखू आमच्याकडे विरजण मागायला आली, ती चुलीजवळ बसून सहज बोलून गेली, "हिरीत गेली म्हनतात ना ते?"

माय तिच्याकडे पाहतच राहिली. सखूनं जीभ चावली आणि विरजण न घेताच उठली.

हिरीत गेली. पाय घसरून गेली, की आपण होऊन गेली, की कुणी पाठवली? त्या एका शब्दात तिन्ही मावत होते. माझं सगळं आयुष्य विहिरीच्या काठावर गेलेलं. आमच्या विहिरीला आजोबांनी बांधलेला काळ्या दगडाचा कठडा होता. लहानपणी मी त्यावर बसून बोरं खायची, ऊन खायची, दगडाला पाठ लावून मोटेचं पाणी थारोळ्यात पडताना पाहायची. त्या दिवसापासून मला त्या विहिरीत वाकून पाहवेना. घागर सोडायची ती तोंड फिरवून. दोर हाताला जड लागला की डोळे मिटून ओढायची.

खाणं सुटलं. आत्या म्हणायची, "लगीन ठरलेल्या पोरीचं असंच राह्यते." मी रागानं उठून वाफ्यात जायची, तण नसलं तरी खुरपत बसायची.

एका दुपारी बाबा बैल सोडून मोटेच्या धावेवर विडी ओढत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, ते पयली बाई हिरीत जाऊन मेली म्हनते. तुमी इचारलं होतं?"

बाबांनी विडी विझवली. बराच वेळ बैलाच्या मानेवरची गोचीड काढत राहिले. मग म्हणाले, "नाई इचारलं."

"काहून?"

"तुह्यासाठी दुसरं कोन येऊन राह्यलं होतं, पोरी?"

मग दोनचार दिवसांनी ते धोतर नेसून गाडीनं तिकडं गेले. संध्याकाळी परत आले. लोक बरे आहेत म्हणाले, घर धाब्याचं आहे, ज्वारीचं पेव भरलेलं आहे. मी विचारलं, विचारलंत का? ते हातपाय धुवायला गेले. मी समजले. पोरीच्या बापानं असलं काही विचारणं त्यांच्या जिभेवर आलंच नाही. मला त्यांचा राग आला नाही. फार एकटं मात्र वाटलं.

शिवरात्र जवळ आली आणि मायला हिवताप चढला. उपवासाचा बाजार, रताळ्यांची काढणी झालेली. माल घरी ठेवून चालणार नव्हतं. आत्या कुरकुरली, पण टोपलं माझ्याच डोक्यावर आलं. कितीतरी दिवसांनी मी बाजारात बसले. धूळ, गुळाचा वास, माणसांचा कल्ला. मला एकदम भूक लागली. आत्या तमाखू आणायला उठली तेवढ्यात मी शेजारच्या बाईला विचारलं. जऊळक्याकडच्या अमक्या घरी दिलेली, तीन वर्षांमागं गेलेली पोर, तिचं माहेर कुठलं? भाजीवाल्या बायकांना सगळ्या पोरींची माहेरं ठाऊक असतात. तिनं हनुवटीनं दाखवलं.

"ते पाय. कांद्यापाशी बसली ना, ते तिची माय. भागाबाई."

मी रताळी तशीच सोडून उठले. आत्या येईल, ओरडेल, काही वाटलं नाही. भागाबाई वाळलेल्या चेहऱ्याची, ठसठशीत कुंकवाची बाई होती. कांद्याची सालं उडत होती आणि ती एकेक कांदा पुसून ठेवत होती. मी समोर उकिडवी बसले.

"किती देऊ?" तिनं विचारलं.

"कांदे नोको. मले तुमच्या जावयाच्या घरी देऊन राह्यले."

तिचा हात थांबला. तिनं मला पायापासून केसापर्यंत पाहिलं. मला वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणाली, "अशी उन्हात काहून बसली? इकडं सरक." आणि तिनं मला आपल्या तरटाच्या सावलीत घेतलं.

"तिचं नाव काय होतं?"

"रुखमा." तिनं ते इतक्या चटकन सांगितलं, जणू कुणी विचारण्याचीच वाट पाहत होती. "रुखमा नाव होतं तिचं. तुह्याहून उंच होती. हसली का तोंडावर हात ठेवे."

मग मी तो प्रश्न विचारला. कसा विचारला आठवत नाही. शब्द नीट आले नसावेत, पण तिला कळलं.

"पाय घसरला म्हनतात," ती म्हणाली. "म्या पायलं नाई. कोनंच पायलं नाई. त्या हिरीले कठडा नाई, पोरी. एक लाकूड आडवं टाकलेलं हाय, त्याच्यावर उभं राहून पानी काढा लागते. दिवायीले आली का म्हने, माय, खाली पायलं का डोकं फिरते माहं. म्या जावयाले सांगतलं, तिच्या सासूले सांगतलं. हो हो म्हनत."

"लोक कसे हायत?"

"सासू तोंडाची कडू हाय, हाताची नाई." तिनं कांदा उचलला, पुन्हा ठेवला. "तो वाईट नाई. पन बोलत नाई. घरात मानूस हाय का नाई समजत नाई."

एवढ्यात आत्या आली आणि मला दंडाला धरून उठवलं. भागाबाईनं माझ्या ओटीत कांदे टाकले.

घरी येताना आत्या सबंध रस्ता बोलत होती. मी ऐकत नव्हते. विहिरीला कठडा नसतो ही गोष्टच माझ्या डोक्यात मावेना. मला वाटत होतं मेलेल्या बाईची भीती वाटेल. तसं झालं नाही. मला त्या आडव्या लाकडाची भीती वाटली. सकाळच्या पाण्यानं बुळबुळीत झालेलं, दोन्ही हात दोरावर, आणि धरायला काही नाही. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यावर मी.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "त्याइले निरोप धाडा. हिरीले कठडा बांधा म्हना. बांधल्याबिगर मी येत नाई."

माय अंथरुणातून म्हणाली, "बाई व, काय बोलते हे!" आत्यानं तर कपाळ बडवलं. "नवऱ्याच्या घरची हीर बांधाले सांगते! आजपावतर कोनत्या पोरीनं असं सांगतलं? मोडन लगीन. मंग बस जनमभर दारं धरत!"

"बसीन," मी म्हटलं. पण ते खरं नव्हतं. जन्मभर दारं धरायची माझी तयारी नव्हती. मला जायचं होतं. त्या गाडीत बसायचं होतं, त्या हातांचा माणूस पाहायचा होता. पण त्या लाकडावर उभं राहायचं नव्हतं.

बाबांनी या वेळी निरोप पाठवला. त्या दुपारसारखीच त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "मले जे इचारता आलं नाई, ते तू सांगून राह्यली. जाऊ दे निरोप."

तिकडून उत्तर आलं नाही. आला तो उन्हाळ्याचा पहिला वारा. मळा पिवळा पडत चालला. सांभाराची फुलं गळून हिरवे दाणे धरले. गावात कुजबुज सुरू झाली की माळ्याच्या पोरीनं अट घातली. सखू आमच्या बांधावरून जाताना पदरात हसायची. आत्या बोलेना. मी पहाटेपासून कामाला लागायची, एक काम टाकून दुसरं, दुसरं टाकून तिसरं. मिरच्या तोडता तोडता उठून वांग्यात जायची आणि तिथं का आले ते विसरायची. रुळावरून गाडी गेली की उगीच दाराकडं पाहायची. माझं मलाच समजेना, मी त्याची वाट पाहतेय की तो येऊ नये म्हणून पाहतेय.

आणि एका दुपारी तो आला. एकटाच, न सांगता. बाबा बैलांना चारा टाकत होते. तो सरळ विहिरीकडं गेला. कठड्याभोवती हळूहळू फिरला, दगडावर हात ठेवून, मध्येच बोटानं सांधे चाचपत. मी वांग्याच्या झाडांतून पाहत होते. बाबांना त्यानं विचारलं, पाया किती खोल घेतला, चुना कुठला. बाबांनी सांगितलं. मग बाबांनी मला हाक मारली, पाणी आण म्हणून, आणि स्वतः बैलांचं निमित्त करून गोठ्यात गेले. ते मुद्दाम गेले हे मला आज कळतं.

मी लोटा पुढं केला. त्यानं घेतला, प्यायला नाही. लोट्यात पाहत म्हणाला, "तिनंबी सांगतलं होतं. कठडा बांधा म्हनून. मी म्हटलं, पीक निंघू दे. पीक निंघालं. मंग दुसरं पेरलं."

चांगला उंच माणूस होता, पण बोलताना त्याची मान अशी खाली गेलेली की तो माझ्याएवढाच वाटत होता. माझी भीड कुठं गेली कोण जाणे. मी विचारलं, "उडी घेतली होती का तिनं?"

त्यानं वर पाहिलं. पहिल्यांदाच. "मी वावरात होतो," तो म्हणाला. "मले मालूम नाई. घरी काई भांडन नव्हतं. पन मी काई इचारतच नव्हतो तिले, तं मले कसं मालूम राहीन?"

"नाई घेतली" म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता का? बहुतेक ठेवला नसता. त्याला ठाऊक नाही हे त्यानं सांगितलं, आणि मला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागली. मग तो पाणी प्यायला आणि निघून गेला. माझी अट मान्य आहे की नाही, हे तेवढं सांगायचं राहिलंच. बोलत नाही म्हणाली होती भागाबाई, ते खरंच होतं.

चैत्रात काशीआत्या स्वतः गाडीनं जाऊन पाहून आली. दारातूनच ओरडली, "छातीइतला बांधला व! गवंड्याच्या हाताखाली सोता दगड वाहून राह्यला. अन् वरून कप्पी लावून राह्यला!" महिनाभराचा अबोला तिनं त्या एका ओरडण्यात मोडला आणि लगेच हळद कुटायला बसली.

वैशाखात लग्न झालं. टाक माझ्या गळ्यात आत्यानं बांधला. मी मनात म्हटलं, रुखमा. नाव ठाऊक असल्यामुळे तो गार चांदीचा तुकडा कुणाचा तरी होता. भागाबाई लग्नाला आली नाही.

त्या गावात मी पुढं सगळा जन्म काढला. ते हळूहळू बोलायला शिकले, मी हळूहळू थांबून ऐकायला. सासू तोंडाची कडू होतीच. रुखमाचा पाय घसरला की तिनं उडी घेतली, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि या दिवसांत मी घरभर फिरते ती बहुधा त्यासाठीच. काही प्रश्न आपल्या वाट्याला येतात ते उत्तरासाठी येत नसावेत. ते नुसते सोबत राहतात, आणि एखाद्या ऋतूत उठून बसतात.

पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली.

लग्नानंतरच्या पहिल्या ज्येष्ठात भागाबाई आली. ऊन मी म्हणत होतं. ती आमच्या दारात न थांबता सरळ विहिरीकडं गेली. सासू उंबऱ्यात उभी, मी तिच्यामागं. भागाबाईनं कठड्यावर हात ठेवला आणि सबंध फेरा घातला, एक एक दगड चाचपत. कुठं हलतो का पाहत होती. मग दोन्ही कोपरं वर टेकून तिनं आत वाकून पाहिलं. बराच वेळ. मी धावत गेले, काय होईल या भीतीनं. ती सरळ झाली. डोळे कोरडे होते.

"पानी काढ," ती म्हणाली.

मी कप्पीवरून घागर सोडली. सासू मागून हळूच म्हणाली की ही बाई तीन वर्षांत या गावावरून कितीदा गेली, पण गावाचं पाणी तोंडाला लावलं नाही. स्वतःचा तांब्या घेऊन फिरायची. मी लोटा भरून दिला. भागाबाईनं तो तिथंच उभ्यानं, डोळे मिटून, न थांबता पिऊन संपवला.

"रुखमा म्हने, आमच्या हिरीचं पानी लई गोड हाय," ती म्हणाली. "म्या कदी पेऊनच पायलं नव्हतं."

आणि तिनं लोटा पुन्हा पुढं केला.